बिनफवारणीच्या बारा सऱ्या

वाघजळीत सविता मरकडला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. कृषीवाल्या मॅडम म्हटलं की पारावरचा म्हाताराही बोट करून सांगायचा, आत्ताच ओढ्याकडं गेल्यात म्हणून. शेवगाव तालुक्यातली अशी पाच गावं तिच्याकडे होती. पाऊस जास्त झाला की पंचनामे, कमी झाला तरी पंचनामे. अळी आली की पत्रकं वाटायची, योजना आली की फोटो काढायचे, आणि फोटो मोबाईलवर चढत नसला तर रेंज शोधत टेकडीवर जायचं. बावीस वर्षं हेच चाललं होतं. स्कूटीच्या हँडलला एक कापडी पिशवी असायची. तिच्यात टेप, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि पुडीत बांधलेली खडीसाखर. दिवसभर बोलून घसा बसायचा, म्हणून ती खडीसाखर.

ती मूळची भिंगारची. वडील लष्कराच्या भांडारात साधे कारकून होते, घरात शेतीचा गंधही नव्हता. डिप्लोमा केला, नोकरी लागली आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी ती या कोरड्या पट्ट्यात आली ती आलीच. नवरा राम एसटीत ड्रायव्हर. त्याची पुण्याची ड्युटी असली की दोघांची गाठ पडायची ती स्वयंपाकघरात झाकून ठेवलेल्या ताटाशी. कधी तिनं त्याच्यासाठी झाकलेलं, कधी त्यानं तिच्यासाठी.

कष्टाचा शीण झोपेनं उतरतो. सविताला आलेला शीण सांगून सांगून आलेला होता. माती तपासा, बी धुऊन घ्या, एका पंपात चार औषधं कालवू नका. लोक मान डोलवायचे, चहा पाजायचे, आणि दुकानदारानं जी बाटली हातात दिली ती घेऊन घरी जायचे. त्यात त्यांचाही दोष नव्हता. दुकानदार निदान खात्रीनं बोलायचा. सविता बोलायची ते कागदावरचं, दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी रानात पाहिलेलं. कुणी म्हणालं, “मॅडम, तुमी सोता पायलंय का?” की तिची जीभ अडखळायची.

त्या वर्षी प्रशिक्षणाला गेली असताना एका शास्त्रज्ञ बाईनं थंडी आणि कॅल्शियम यावर तासभर सांगितलं. बाकीचे डुलक्या घेत होते. सवितानं मात्र पाच पानं लिहून काढली. दर पौषात टोमॅटो कसे मान टाकतात ते ती बावीस वर्षं बघत होती, आणि लोकांना सांगायला तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या. संध्याकाळी पाणी द्या, बांधावर धूर करा. दोन्ही गोष्टी लोकांना त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून माहीत होत्या. तिला वाटलं, हे एकदा आपल्या डोळ्यानं बघायचं. एका रानात, एका पिकावर, निम्म्यात फवारून आणि निम्म्यात न फवारता.

दिवाळीनंतर तिनं मारुतीच्या सभामंडपात लोक जमवले. जमले नऊ. त्यात बिभीषण होता. गावात पहिलं ठिबक त्यानं आणलं, पहिला मल्चिंगचा कागदही त्यानंच अंथरला. त्यामुळे तो बोलला की बाकीचे गप्प.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला. “आपलं रान कसलंय? चुनखडीचं. नांगर घातला की पांढरे खडे वर येत्यात. चुन्याच्या रानात राहून तुमी आमाला चुना फवारायला सांगताय?”

मंडपात हसू पिकलं. सविताही हसली, कारण प्रश्न रास्त होता. तिनं सांगायला सुरुवात केली, की खड्यातलं कॅल्शियम घट्ट बांधलेलं असतं, ते पाण्यात सहज उतरत नाही, आणि जे उतरतं ते... तोवर दोघं तंबाखू थुंकायला उठले होते. एकाला फोन आला. तिचं वाक्य तिथंच राहिलं.

मंडपातून शेवटी उठली ती केशरबाई. वय साठीच्या पुढं. अठरा हंगाम उसाची मोळी डोक्यावर वाहून मान एका अंगाला किंचित कललेली. आता तिचं ऊसतोडीला जाणं बंद झालं होतं. मुलगा कल्याण आणि सून पूजा टोळीबरोबर देवळाली प्रवरेकडं गेले होते, आणि म्हातारी एकटी घर, एक म्हैस आणि वीस गुंठ्यांतले टोमॅटो सांभाळत होती.

“मॅडम, ते कॅल्शम का काय म्हनलीस,” ती म्हणाली, “त्याच्या गोळ्या मला दिल्यात की सरकारी दवाखान्यात. हाडं ठिसूळ झाल्यात म्हने. पर झाडाला कुठं हाडं असत्यात?”

केशरबाई सगळ्यांनाच अरे-तुरे करायची. मॅडमलाही ‘तू’.

सविता पायरीवर बसली. दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी उत्तर ऐकायचं म्हणून विचारलं होतं. “हाडं नसतात आजी, पण भिंती असतात. पान म्हणजे बारीक बारीक खोल्यांची चाळ समज. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत जो गिलावा असतो ना, तो पक्का होतो कॅल्शियमनं. गिलावा कच्चा असला की थंडीत खोली गळायला लागते. आतलं पाणी बाहेर पाझरतं, आणि सकाळी पान भिजलेल्या कागदासारखं दिसतं.”

“व्हय, तसंच दिसतं,” केशरबाई म्हणाली. “उकडल्यावानी.”

“आणखी एक काम असतं त्याचं. गार पडलं की बाहेरचं कॅल्शियम खोलीत शिरतं. तो निरोप असतो. थंडी आली, आवराआवर करा, असा. मग झाड आतल्या आत तयारीला लागतं. निरोपच पोचला नाही, तर झाड बेसावध राहतं.”

केशरबाई म्हणाली, “म्हंजी मुकादमाचा सांगावाच आला न्हाई, तर कोयता कोन उचलनार?”

“अगदी तसंच.”

“आन् मग रानातली चुनखडी?”

“एक तर ती घट्ट. त्यात कॅल्शियम वर चढतं ते पाण्याबरोबर. थंडीत मूळ गारठतं, पान पाणी ओढत नाही, मग वर चढणार कसं? आणि जुन्या पानात गेलेलं नव्या पानाला मिळत नाही, ते तिथंच बसतं. म्हणून थंडी पडायच्या आधीच कोवळ्या पानांवर द्यायचं. पडल्यावर देऊन फारसा उपयोग नाही.”

“मग माज्या रानात कर,” केशरबाई म्हणाली आणि काठी टेकत उठली. “मला येकटीला तरी दुसरं काय काम हाय?”

केशरबाईच्या टोमॅटोत चोवीस सऱ्या होत्या. सवितानं मध्ये दोरी ताणली. विहिरीकडच्या बारा सऱ्यांत कॅल्शियम नायट्रेट फवारायचं आणि रस्त्याकडच्या बारा सऱ्यांत त्याच दिवशी, त्याच पंपानं नुसतं पाणी. पाणी कशाला, असं केशरबाईनं विचारलं. सवितानं सांगितलं, की उद्या कुणी म्हणू नये, पानं नुसती ओली झाली म्हणून वाचली. बाकी सगळं दोन्हीकडे सारखं. खत, पाणी, बांधणी, काहीच कमी-जास्त नाही. प्रत्येक सरीतल्या पाच झाडांना तिनं खुणेची सुतळी बांधली. साठ झाडं इकडं, साठ तिकडं. बांधावरच्या बोरीला थर्मामीटर टांगलं, आणि सकाळी काटा कुठं टेकला ते कसं बघायचं, हे केशरबाईला दोनदा दाखवलं.

पहिली फवारणी तिनं उभं राहून करून घेतली. केशरबाईचा चुलत दीर पुंजाराम पंप पाठीवर घेऊन फिरला. त्याला पावडर दुसऱ्या औषधात मिसळायची सवय. सवितानं त्याचा हात धरला. “यात काही म्हणजे काही टाकायचं नाही. दुसऱ्या खतात पडलं तर नासलेल्या दुधासारखं फाटतं आणि पंप तुंबतो.” पुंजारामनं मान हलवली, आणि ती जाईपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावला नाही.

दुसऱ्या फवारणीला मात्र ती नव्हती. दहा दिवसांनी करायची होती आणि नेमकं त्याच दिवशी तिला दुसऱ्या गावच्या पंचनाम्याला लावलं. पंपागणिक पावडर मोजून तिनं पुड्या बांधल्या, केशरबाईच्या हाती दिल्या आणि बजावलं, “विहिरीकडं पुडीचं, रस्त्याकडं निव्वळ पाणी.” केशरबाई म्हणाली, “मला येवढं कळतंय.”

मग थंडी पडली. उत्तरेकडचं वारं दोन दिवस वाहिलं, तिसऱ्या दिवशी थांबलं, आणि आभाळ लख्ख झालं. असं आभाळ निरभ्र आणि वारं पडलेलं असलं की पिकाची खैर नसते. सविता सकाळी स्कूटीवर निघायची तेव्हा हँडल धरलेली बोटं आपली की परक्याची ते कळायचं नाही. पहिल्या सकाळी बोरीवरचं थर्मामीटर सातवर होतं, दुसऱ्या सकाळी सहावर. तिसऱ्या सकाळी साडेपाच.

केशरबाई घोंगडी पांघरून बांधावर बसलेली असायची. “आमी उसाच्या फडात अशाच थंडीत राह्यचो,” ती एका सकाळी म्हणाली. “पाचटाची कोपी. वरनं कागद. कल्यान तवा अंगावर पीत हुता. मी आन् त्याचा बाप दोन अंगाला, मधी पोरगं. सकाळी उठलं की कागदाच्या आतल्या अंगाला आमच्याच श्वासाचं पानी टिपकायचं. तवा कुनी इचारलं न्हाई बाई, की थंडी किती हाय म्हनून. आता टमाट्याला थर्मामीटर आलंय.”

ती हे कडवटपणे बोलली नाही. जे होतं ते सांगितलं, इतकंच. सवितानं वहीत साडेपाच लिहिले.

चौथ्या दिवशी ऊन वर आल्यावर तिनं झाडं मोजायला घेतली. आधी विहिरीकडची. शेंडे बरेचसे ताठ होते. खालची पानं थोडी जांभळी पडली होती, काही फुलं गळाली होती. सुतळीच्या साठ झाडांतल्या चौदांचे शेंडे करपले होते. मग ती दोरी ओलांडून रस्त्याकडच्या सऱ्यांत शिरली. तिथं मोजायच्या आधीच डोळ्यांना कळत होतं. पानं काठाला आत वळलेली, शेंड्यांनी मान टाकलेली, फुलांचा सडा सरीत पडलेला. साठांतली एकेचाळीस.

तिनं पुन्हा मोजली. एकेचाळीसच.

सविता सरीत तशीच उकिडवी बसून राहिली. कंबर भरून आली होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि तरी आत कुठंतरी काहीतरी हलकं झालं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्याजवळ सांगण्यासारखं स्वतःचं काही होतं. आता कुणी विचारलं असतं, सोता पायलंय का, तर तिला म्हणता आलं असतं, हो, वाघजळीत, केशरबाईच्या रानात, ह्या बोटांनी मोजलंय.

बोटांकडं तिचं लक्ष गेलं ते तेव्हाच. बोटांना पांढरं लागलं होतं, खडूसारखं. तिनं समोरचं पान उलटंपालटं केलं. पानावर पांढरे बारीक ठिपके वाळून बसले होते. शेजारच्या झाडावर तसेच. पुढच्या सरीतही. पुडीतलं कॅल्शियम नायट्रेट असतं तर ते पाण्यात कधीच विरघळलं असतं. असे कण राहिले नसते. आणि इकडं तर निव्वळ पाणी फवारायचं होतं.

“आजी,” तिनं बांधाकडं बघून विचारलं, “इकडं काय मारलं?”

“पानी.”

“पाण्यात काय होतं?”

केशरबाईनं घोंगडी सारखी केली. म्हशीकडं बघितलं. मग म्हणाली, “गोळ्या.”

“कसल्या गोळ्या?”

“माज्याच. दवाखान्यातल्या.” आणि एकदा तोंड उघडल्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. पुंजारामनं विहिरीकडं पुडीचं मारलं, आणि इकडं पंपात नुसतं पाणी भरायला लागला तेव्हा तिच्या जिवाला लागलं. एकाच रानातली, एकाच दिवशी लावलेली झाडं. थंडी येणार हे ठाऊक असताना निम्म्यांना द्यायचं आणि निम्म्यांना दाखवून दाखवून पाणी मारायचं? पुड्या तर मोजून दिलेल्या. मग तिला आठवलं, की आपल्याजवळही कॅल्शियम आहे. दोन महिन्यांच्या गोळ्या होत्या. पाट्यावर वाटल्या, लुगड्याच्या पदरातून गाळल्या आणि पंपात ओतल्या. “तू रागावशील म्हनून बोलले न्हाई. पर मॅडम, तूच सांग, दोन लेकरं पंगतीला बसवून येकाच्या ताटात नुसतं पानी वाढवंल का कुनाला?”

सविताला रागवायचं होतं, पण रागवायलाही अंगात बळ लागतं. ती सरीतून उठून बांधावर येऊन बसली. पिशवीतून खडीसाखर काढली, एक खडा केशरबाईला दिला, एक स्वतः तोंडात टाकला.

“आणि तू? तुला आता दोन महिने गोळ्या नाहीत?”

“मला काय धाड भरलीय,” केशरबाई म्हणाली. “माजं वय झालं. त्यांचं आत्ता कुठं फुलावर आलंय.” आणि करपलेल्या सऱ्यांकडं बघत हळूच विचारलं, “पर गोळ्यांनी कसं काय काम केलं न्हाई गं? कॅल्शमच हाय ना ते?”

तेव्हा सवितानं तिला सांगितलं. गोळीतलं कॅल्शियम म्हणजे खडू. माणसाच्या पोटात आंबट रस असतो, त्यात तो विरघळतो आणि मग अंगाला लागतो. पानाला कुठलं पोट? पानावर तो खडूच राहतो. रानातल्या चुनखडीचंही तेच. आहे ढीगभर, पण झाडाच्या तोंडात जाईल असं नाही.

केशरबाई मान हलवत राहिली. “बिभीषनाला हेच सांगायचं हुतंस की तू त्या दिशी,” ती म्हणाली. सवितानं ते मंडपात सांगायला घेतलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी राम पुण्याला होता. सवितानं भाकरी दुधात कुस्करून खाल्ली आणि अहवालाचा कागद पुढ्यात घेतला. ठिकाण, पीक, लागवडीची तारीख, किमान तापमान. फवारलेल्या साठ झाडांत चौदा, न फवारलेल्या साठांत एकेचाळीस. इथपर्यंत पेन सरळ चाललं. पुढचा रकाना होता, ‘इतर काही बाब असल्यास’.

काही बाब नाही, असं लिहिलं तर कुणाला कळणार होतं? दोन-तीन सकाळचं दव पडलं की ठिपके धुऊन जातील. केशरबाई कुणाला सांगायची नाही, पुंजारामला काय मारलं हेही आठवायचं नाही. आणि खडूनं पानाचं भलंबुरं काही झालं नसणारच, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे निकाल खराच होता. खरा निकाल खरा म्हणून लिहायला एक ओळ गाळायची, एवढंच.

पण ‘नसणारच’ हा तिचा अंदाज होता. खडूच्या थरानं पान झाकलं गेलं असेल, ऊन कमी मिळालं असेल. गोळीत खडूशिवाय आणखी काय काय असतं हे तिला कुठं माहीत होतं? कुणी पुढं हेच तपासून पाहिलं आणि वेगळं निघालं, तर बिभीषण मंडपात परत हसेल, आणि त्या वेळी त्याचं हसणं खरं असेल. तिनं रकान्याकडं किती वेळ बघितलं कोण जाणे. शेवटी लिहिलं, ‘तुलनेसाठी ठेवलेल्या बारा सऱ्यांत दुसऱ्या फवारणीच्या पाण्यात शेतकरी महिलेने स्वतःच्या औषधी कॅल्शियमच्या गोळ्या वाटून मिसळल्या.’ लिहिलं आणि कागद उलटा ठेवून दिला.

तालुक्याच्या कृषी कचेरीत साहेबांनी अहवाल वाचला तेव्हा ते आधी हसले. मग थांबले. माणूस सरळ होता, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

“मॅडम, चौदा आणि एकेचाळीस. एवढा फरक मी तरी आपल्याकडं पाहिला नाही,” ते म्हणाले. “पण ह्या ओळीनंतर मी हे पुढं पाठवू शकत नाही. तुलनेच्या सऱ्या बिघडल्यात.”

“माहीत आहे साहेब.”

“म्हातारीनं अशानं काय साधलं?”

सवितानं खांदे उडवले. “तिला बघवलं नाही.”

साहेबांनी शेरा लिहिला, ‘निष्कर्ष ग्राह्य नाही. पुढील हंगामात पुन्हा घ्यावे.’ सही केली. सवितानं तो कागद घेतला, फाईलला लावला आणि बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली. रडू वगैरे काही आलं नाही. झोप येत होती. एवढ्या दिवसाढवळ्या, माणसांच्या येण्या-जाण्यात तिला गाढ झोप येत होती.

पुढच्या आठवड्यात ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. गोळ्या देणाऱ्या बाईंनी विचारलं, पेशंट कुठंय. सवितानं सांगितलं, पेशंट टोमॅटोला पाणी देतोय. गोळ्या घेऊन ती वाघजळीला गेली आणि केशरबाईच्या हातात देताना म्हणाली, “ह्या तोंडातून पोटात. पंपात नाही.”

“आता कशाला घालू? थंडी सरली की,” केशरबाई म्हणाली, आणि तिनं समोरच एक गोळी पाण्याबरोबर घेऊन दाखवली.

विहिरीकडच्या सऱ्यांना माघ सरेपर्यंत टोमॅटो येत राहिले. रस्त्याकडच्या झाडांनी खालून नवे फुटवे काढले, पण फळ धरलं ते उशिरा आणि बारकं. रस्त्यानं जाणारे-येणारे थांबून बघायचे. दोरी कधीच काढली होती, तरी ती कुठं होती हे झाडांवरून दिसत होतं. बिभीषणाचे टोमॅटो त्यानं बांधावर पाचट पेटवून धूर केल्यामुळं बऱ्यापैकी वाचले होते. गोळ्यांची गोष्ट तोवर गावभर झाली होती. तोही एकदा थांबला. बराच वेळ इकडून तिकडं बघत राहिला. सविताला रस्त्यात भेटला तेव्हा म्हणाला, “दिसतंय तरी खरं. पर म्हातारीनं काय काय मारलं कुनाला ठाव.”

“मलाही तेच वाटतं,” सविता म्हणाली. बिभीषणाला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

उन्हाळा गेला, पाऊस झाला, पंचनामे झाले. सविताची बदली होणार अशी आवई उठली आणि विरली. पुन्हा दिवाळी आली. त्या वर्षी टोळी निघाली तेव्हा कल्याण एकटाच गेला. पूजा मागं राहिली, कारण केशरबाईला आता विहिरीची पायरी उतरवत नव्हती. पूजा तिशीतली, अंगानं किरकोळ, बोलणं कमी. सासूला ती आत्या म्हणायची.

सविता पुन्हा दोरी घेऊन आली तेव्हा केशरबाईनं सरळ नकार दिला. “फवारायचं तर समद्यांला फवार. मागल्या सालासारकं मला बघवनार न्हाई.”

सवितानं हुज्जत घातली नाही. पाच गावांत ती सहा जणांकडे जाऊन आली होती. दोघं हो म्हणाले होते, त्यातला एक नंतर फिरला. निम्मं रान मुद्दाम सोडून द्यायला कोण तयार होणार? तिनं दोरीची गुंडाळी पुन्हा पिशवीत टाकली आणि स्कूटीकडं वळली.

“मॅडम,” पूजा पाठीमागून म्हणाली. “निम्मं न्हाई, पर दोन सऱ्या बिनफवारणीच्या चालत्याल का?”

“अगं, आत्ताच सांगितलं ना मी,” केशरबाई म्हणाली.

“आत्या, मी थंडीत बारा वर्सं ऊस तोडलाय,” पूजा म्हणाली. आवाज चढला नव्हता. “कशानं काय व्हतं ते आपल्याला कुनी सांगितलं न्हाई. मला हे बगायचंय. दोन सऱ्या माज्या. पानी मी सोता मारीन.”

केशरबाई सुनेकडं बघत राहिली. मग म्हशीकडं निघून गेली. तो होकार होता की राग, सविताला कळलं नाही.

दोन सऱ्या म्हणजे फार कमी. साहेब म्हणतील, एवढ्यावरून काय ठरणार? तरी सवितानं स्कूटी स्टँडवर लावली, पिशवीतून टेप काढला आणि त्याचं एक टोक पूजाच्या हातात दिलं. दिवस कलला होता, अजून दोन गावं व्हायची होती. पूजा टेपचं टोक घेऊन सरीच्या दुसऱ्या अंगाला चालत गेली आणि तिथून ओरडून विचारलं, “हितं धरू, का आनखी पुढं?”

“आणखी पुढं,” सविता म्हणाली.